सूर्याला देवी आल्या तेव्हा

लोक वाशीमला जातात ते बालाजीच्या दर्शनाला, नाहीतर कापसाच्या सौद्याला. मी गेलो तो मांडीवर एक पोलादी गोळा घेऊन, आणि तोही ऐन चैत्रात. त्या दिवसांत शहाणा माणूस नागपुरातून निघालाच तर चिखलदऱ्याची वाट धरतो. पण मला धाडलं होतं आमच्या सरांनी, आणि सरांना नाही म्हणायची माझी छाती नव्हती.

आधी हा गोळ्याचा प्रकार सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडायला नको. आमचे सर नागपुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवीत. मी त्यांचा डेमॉन्स्ट्रेटर. मूळचा रत्नागिरीकडचा, नोकरीपायी नागपूरकर झालेला, तोंडाने फटकळ आणि पोटाने हळवा. सरांनी आयुष्याची पंधरा-वीस वर्षं विश्वकिरणांमागे घालवली होती. हे किरण आकाशाच्या कुठल्या कोपऱ्यातून येतात देव जाणे, पण येतात रात्रंदिवस, आणि घराच्या छपरातून, आपल्या डोक्यातून आरपार जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही. दिवसा जेवढे, रात्री जवळजवळ तेवढेच. म्हणून सगळे म्हणत, सूर्याचा यांच्याशी काही संबंध नाही.

सरांना मात्र आदल्या वर्षी भलतंच दिसलं. सूर्यावर एक मोठा डाग आला आणि त्यानंतर तीन-चार दिवस यंत्रात किरण कमी भरले. वाढले नाहीत, कमी झाले. म्हणजे सूर्य खवळला की बाहेरून येणारे हे पाहुणे रोडावतात. का रोडावतात ते सरांनाही सांगता येत नव्हतं. परदेशात एक-दोघांना तीच शंका आल्याचं कानावर येत होतं, पण कानावरच. सरांनी भाबडेपणानं ही गोष्ट प्राध्यापकांच्या खोलीत सांगितली आणि तिथल्या मंडळींना वर्षाचा विषय मिळाला. कुणी म्हणे यंत्र म्हातारं झालंय, कुणी म्हणे गच्ची तापली असेल, शेजारच्या खोलीतल्या विजेचा खेळ असेल. एक गृहस्थ तर सर आत आले की उभे राहून सूर्यनमस्काराला जोडतात तसे हात जोडायचे. त्या दिवसापासून सरांनी त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. चहा प्रयोगशाळेत, एकट्यानं.

त्या टर्मनंतर सर निवृत्त होणार होते. सूर्यावरच्या डागांना अकरा वर्षांचं चक्र असतं, आणि आत्ता भर होता. पुढच्या भराला सर असलेच तर काठी टेकत असते. त्यांनी एका ओळखीच्या संस्थेकडून दुसरं यंत्र महिनाअखेरपर्यंत उसनं आणलं आणि मला म्हणाले, "दामले, हे घेऊन लांब जा. जिथे वीज नाही, गच्ची नाही, मी नाही. दोन्ही यंत्रांचे आकडे एकाच वेळी खाली आले तर बोलू. नाहीतर मी गप्प बसतो." एवढं बोलून ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी गोळा उचलला.

वाशीम ते केनवड

अकोल्याहून छोट्या गाडीनं वाशीमला उतरलो, तिथून मोटारीनं केनवडला. ड्रायव्हरनं माझी गोळ्याची पेटी टपावर टाकायला उचलली तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की सगळी मोटार वळून बघायला लागली. गोळ्याच्या आत असतो केसाहून बारीक असा एक तंतू. त्याला वीज भारली की तो ताणून उभा राहतो, आणि किरण गोळ्यातून जाऊ लागले की ती वीज गळते आणि तंतू हळूहळू उतरतो. लहानशा नळीतून डोळा लावून तो किती भरभर उतरतो ते बघायचं. किरण जास्त, तर भरभर. किरण कमी, तर सावकाश. एवढंच यंत्र. पण टपावर टाकलं असतं तर तंतू पहिल्याच खड्ड्यात देवाघरी गेला असता.

"बाँब हाये का जी?" शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं.

"नाही हो. मोजायचं यंत्र आहे."

"मंग जमीन मोजनारे हाये तुमी," असं म्हणून त्यानं आपलं गाठोडं जवळ ओढलं आणि केनवडपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही.

केनवडला शंकरभाऊ घ्यायला आले होते. आमच्या कॉलेजच्या बागेतल्या माळ्याचे हे चुलतभाऊ, गावाबाहेर ओढ्याकाठी त्यांचा भाजीचा मळा. उंच, काळेसावळे, चेहऱ्यावर देवीचे वण, आणि बोलणं असं की ओळख व्हायच्या आत घरच्यासारखे रागावतील. पेटी बघून म्हणाले, "आना इकडं. लेकरावानी घेऊन बसले मघापासून." मी देईना, तर हसले आणि माझी वळकटी उचलून चालू लागले.

आमच्या कोकणात पाहुण्याला आधी गूळपाणी. इथे आधी पाणी, मग लोटाभर ताक, मग विचारपूस, आणि विचारपुशीत पगारापासून पोटदुखीपर्यंत काही सुटत नाही. घरात तिघंच माणसं. शंकरभाऊ, त्यांच्या बायको म्हणजे पार्बतीवहिनी, आणि आई सकूमाय. सकूमाय सत्तरीच्या पुढच्या, कंबरेत वाकलेल्या, पण मळ्यातलं पान हललं तरी त्यांना कळायचं. मला त्या पहिल्या क्षणापासून "मास्तर" म्हणू लागल्या.

रात्री रोडगे झाले. जाड कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, वरची राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे, आणि सोबत वांग्याची भाजी. ती भाजी कसली, तर्रीचा डोहच. पहिल्या घासाला माझ्या कानांतून वाफ निघाली, दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी, आणि पाचव्या घासाला मी आणखी मागितली. आमची कोकणी मंडळी नारळात तिखट बुडवून टाकतात. इथे तिखटात बाकी सगळं बुडवतात. पण पोट जे खूश झालं ते विचारू नका.

मळ्यातलं मचाण

यंत्राला जागा हवी होती सावलीची, पण डोक्यावर जड छप्पर नको. मळ्यात राखणीचं मचाण होतं. सागाच्या चार मेढी, वर बांबूची ताटी आणि तिच्यावर पराटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचा, आणि कडब्याचा थर. मचाणाखाली तुरीच्या काड्यांचा कुड घालून खोलीच केलेली, तिथे अवजारं असायची. अवजारं बाहेर काढली, गोळा तिथे मांडला, आणि मी जवळच खाट टाकली. शंकरभाऊंना आणि घरच्यांना मी पुन्हा पुन्हा बजावलं, "याला हात लावू नका, हलवू नका, आणि मुख्य म्हणजे तापू देऊ नका. तापलं की हे खोटं बोलतं."

पहिले काही दिवस सुखाचे गेले. सकाळी, दुपारी, संध्याकाळी नळीला डोळा लावायचा, तंतूचं उतरणं घड्याळावर मोजायचं, कागदावर लिहायचं. बाकीचा वेळ पपईच्या सावलीत लोळायचं. मोटेचं पाणी पाटातून वांग्यांत शिरताना बघत बसलो की तासभर कुठे गेला कळत नसे. आकडे रोज सारखे. शंकरभाऊ येऊन बसत आणि विचारत.

"हे किरन माह्या आंगातून जाऊन राह्यले म्हनता?"

"आत्तासुद्धा."

"मंग मले कळत काहून नाही?"

"मलाही कळत नाही. म्हणून तर यंत्र."

"आन सुर्य खवळला का कमी होते?"

"आमचे सर तसं म्हणतात."

शंकरभाऊंनी तंबाखू मळता मळता विचार केला. "घरधनी भडकला असला का पाव्हने आल्यापावली वाटंतूनच परत जाते. तसंच असन." मी वर्षभर विद्यार्थ्यांना हेच समजावत होतो आणि इतकं सोपं कधी जमलं नव्हतं.

"मंग तुमच्या सरले काय भेटते याच्यातून?"

मी त्यांना सगळं सांगितलं. तो एकट्याचा चहा, तो हात जोडणारा गृहस्थ. शंकरभाऊंनी मळलेली तंबाखू दाढेत धरली. मग म्हणाले, "चार मानसाईत हसू झालं का मानूस आतून वाळते जी." आणि उठून पाण्याला गेले.

डाग

एका दुपारी सूर्यावर डाग दिसला. मी बरोबर लहान दुर्बीण आणली होती. सूर्याकडे डोळा लावून बघायचं नसतं, डोळा जायचा. दुर्बिणीतून येणारं बिंब पांढऱ्या धोतरावर पाडायचं. शंकरभाऊंचं नवं धोतर दोन बाभळींना बांधलं, आणि त्यावर ताटाएवढा सूर्य उतरला. मध्याच्या जरा अलीकडे काळ्या डागांचा एक घोस, मोठा, दोन-तीन पोरकट डाग आजूबाजूला. मी आनंदानं उडीच मारली.

शेजारपाजारच्या मळ्यांतली माणसं जमली. सूर्य धोतरावर उतरलाय म्हटल्यावर कोण राहतं. सकूमाय काठी टेकत पुढे आल्या, कपाळावर हात धरून बराच वेळ बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "माय वो. याले तं देवी आल्या."

सगळे हसले. मीही हसलो. सकूमाय हसल्या नाहीत. त्यांनी धोतरावरच्या सूर्यापुढे पदर पसरून नमस्कार केला आणि मला विचारलं, "मास्तर, हे तुमचं भांडं याचंच हाये ना?"

"हो. या भांड्यात सूर्याची नाडी कळते," मी मोठ्या ऐटीत सांगितलं.

"बरं," एवढंच त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळपासून माझे हाल सुरू झाले. ताटात आलं ते बिनफोडणीचं वरण, फिकी भाकर आणि दही. मला वाटलं कुणाचा उपास असेल. सकाळी पुन्हा तेच. दारावर कडुलिंबाचे डहाळे. मी दाढीचं सामान काढलं तर पार्बतीवहिनी लगबगीनं आल्या, "दाढी नोका करू भाऊजी, घरात देवी हाये." वहाणा घालून मचाणाकडे जाऊ लागलो तर वहाणा काढायला लावल्या. देवी आल्या की घरात फोडणी द्यायची नाही, तळण करायचं नाही, हे आमच्या कोकणातही होतं. पण आमच्याकडे त्या माणसाला यायच्या. शंकरभाऊ ताटावरून माझ्याकडे बघत मिशीत हसत होते आणि मुकाट्यानं फिकं जेवत होते. मी कुरकुर केली तेव्हा म्हणाले, "बुढीले कोन सांगन? मी लहान होतो तवा मले आल्या होत्या. एकवीस दिस मायनं मले हातावर झेललं. मी वाचलो, बहीन नाही वाचली. तवापासून देवीचं नाव निघालं का माय कोनाचं आयकत नाही."

मग मी कुरकुर थांबवली. मनातल्या मनात मात्र त्या वांग्याच्या भाजीची आठवण काढत राहिलो.

डाग दिसला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी खाट बाहेर आंब्याखाली ओढून झोपलो. उठून संध्याकाळचं माप घेतलं. तंतू सावकाश उतरत होता. पुन्हा भारला, पुन्हा बघितला. तेच. तिसऱ्यांदा बघितला. तेच. सर म्हणाले होते थेंबभर फरक पडेल. इथे वाटीभर पडला होता. मी कुडाबाहेर येऊन नाचलो, अक्षरशः नाचलो, आणि शंकरभाऊंना मिठी मारली. त्यांनी मला बाजूला सारून विचारलं, "काय झालं ते तं सांगा."

"सर जिंकले."

पुन्हा वाशीम

सकाळी पहिल्या मोटारीनं वाशीम गाठलं. वर टोपल्या भरून वांगी, खाली मी, खिशात तारेचा मजकूर: घट मिळाली, मोठी, काल संध्याकाळपासून. सर तार हातात धरून प्राध्यापकांच्या खोलीत शिरतात, ते हात जोडणारे गृहस्थ पाणी पाणी होतात, हे सगळं मी वाटेत तीन वेळा बघून घेतलं.

तारबाबू यंत्रापुढे डोकं धरून बसले होते. "आज नाही जमायचं," ते म्हणाले.

"अहो, अत्यंत महत्त्वाची आहे."

"असन ना जी. पन लाईन पागल झाली. सकाळपासून काटा आपल्या मनानंच नाचून राह्यला. मी बॅटरी काढून ठेवली तरी नाचते. अकोल्यावालेबी तेच सांगून राह्यले होते, मंग तेबी गप झाले. उद्या या."

मी चिडलो. कोकणी माणूस चिडला की त्याला व्याकरण येतं, त्याप्रमाणे मी तारखात्यावर शुद्ध मराठीत बरंच बोललो. तारबाबूंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला सुपारी दिली. परतीच्या मोटारीत मी फणफणत होतो. बाजारात मिरचीची भजी दिसली होती, पण रागाच्या भरात तीही खाल्ली नाहीत. त्याचा पश्चात्ताप अजून होतो.

मळ्यात आलो, थेट मचाणाखाली शिरलो, नळीला डोळा लावला. तंतू कालच्याहूनही जरा सावकाश. वा. एवढ्यात मानेवर पाण्याचा थेंब पडला. गार. पुसला. दुसरा पडला. मी वर पाहिलं. बांबूच्या फटीतून काळपट ओलं काहीतरी दिसत होतं.

शिडीवर चढलो. वर कडब्यावर ओळीनं घागरी, काठोकाठ भरलेल्या, मध्ये एक भलामोठा रांजण, सगळ्यांवर ओलं गोणपाट आणि कडुलिंबाचा पाला. बरोबर माझ्या गोळ्याच्या डोक्यावर.

मी शिडीवरच बसून राहिलो. विश्वकिरण छपरातून जातात खरे, पण पाण्याचा एवढा जाड थर डोक्यावर आला की त्यांतले थोडेफार त्यातच मुरतात. म्हणजे माझी ती वाटीभर घट सूर्याची नव्हती. सकूमायच्या रांजणाची होती.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो.

सकूमाय खालीच उभ्या होत्या. घाबरल्या नाहीत, उलट मलाच दटावल्यासारखं बोलल्या. "मी केलं. काल तुमी झोपले होते तवा. पार्बतीनं पानी वाह्यलं, शंकरनं रांजन चढोला. तुमीच तं म्हनलं, याले तापू देऊ नोका. आन देवी आल्यावर गार नाही ठेवलं तं कसं? सुर्यापाशी माहा हात पोचत नाही मास्तर. इथं तं पोचते."

मी शिडी उतरलो. यंत्राला कोणी हात लावला नव्हता, हलवलं नव्हतं, तापू दिलं नव्हतं. माझा शब्द त्यांनी तंतोतंत पाळला होता. डोक्यावर काही ठेवू नका, एवढं एक सांगायचं मीच विसरलो होतो.

मी पाटाच्या कडेला जाऊन बसलो आणि मला रडू यायचंच बाकी राहिलं. ती तार गेली असती तर काय झालं असतं, हे आता कळत होतं. सरांनी भर खोलीत ती वाचून दाखवली असती. मग त्यांच्या स्वतःच्या यंत्रात काल संध्याकाळी काहीच घट नाही, हे त्याच मंडळींनी दाखवलं असतं. हसायला निवृत्तीपर्यंत पुरलं असतं. त्या पागल लाईनीचे उपकारच म्हणायचे.

आणि तिथेच मी ताडकन उठलो.

लाईन पागल का झाली? बॅटरी काढली तरी काटा का नाचला? सर कितीदा सांगत, सूर्यावर मोठी खळबळ झाली की एक-दोन दिवसांनी पृथ्वीच्या चुंबकात वादळ उठतं, होकायंत्रं भरकटतात, तारांतून आपोआप वीज वाहते. तारबाबू म्हणाले होते, सकाळपासून. घागरी चढल्या होत्या कालच्या दुपारी. म्हणजे या रांजणाच्या पोटात दुसरीही एक घट लपलेली असू शकत होती.

"शंकरभाऊ, घागरी उतरवा. सगळ्या. आत्ता."

"काहून?" शंकरभाऊंनी आईकडे बघितलं.

आता सकूमायला काय सांगावं? मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "माय, नाडी बघायची आहे. हातावर पांघरूण असलं तर वैद्याला नाडी कळत नाही."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. "पाहून झाल्यावर परत ठेवसान?"

"दुसरीकडे ठेवू. भांड्याच्या बाजूला, डोक्यावर नाही."

"उतरवा," त्या म्हणाल्या.

दिवस कलत होता. शंकरभाऊ वरून देत, मी आणि वहिनी खाली घेत. रांजण उतरवताना अर्धं पाणी माझ्या अंगावर आलं. ओल्या कपड्यांनी कुडात शिरलो, तंतू भारला आणि नळीला डोळा लावला. शंकरभाऊ दाराशी माझं घड्याळ हातात धरून उभे, त्यांच्यामागे दोघी बायका.

तंतू उतरला. घागरी होत्या तेव्हापेक्षा भरभर. मी मान खाली घातली. मग कागद काढला आणि पहिल्या दिवसांचा आकडा बघितला. नाही. तेवढा भरभर नाही. पुन्हा भारला. पुन्हा तेच. पाणी उतरलं, पण तंतू जुन्या जागी आला नाही. थेंबभर कमी. सरांनी सांगितलेला तो थेंबभरच.

"काय म्हनते नाडी?" सकूमायनी विचारलं.

"मंद आहे माय," मी म्हणालो, आणि आकडा कागदावर लिहून घेतला.

पुढचे दिवस मी मळा सोडला नाही. दुसऱ्या दिवशी थेंबभर कमी. तिसऱ्या दिवशी जरा वर. मग आणखी वर. धोतरावरचे डाग सूर्याच्या कडेकडे सरकत होते आणि तंतू हळूहळू आपल्या चालीवर येत होता. सकूमाय सकाळ-संध्याकाळ विचारायच्या, मी सांगायचो. ज्या दिवशी आकडा पुरता जुन्या जागी आला त्या दिवशी त्यांनी गोळ्यापुढे दहीभाताचा नैवेद्य ठेवला, दारावरचे डहाळे ओढ्यात सोडले आणि सुनेला म्हणाल्या, "टाक वो आता फोडनी." ओढ्यापलीकडच्या मळ्यातली माणसंसुद्धा शिंकली असतील, अशी ती फोडणी होती.

तार मी केलीच नाही. निघताना शंकरभाऊंनी वांग्यांची पाटी मोटारीच्या टपावर चढवली आणि पेटी मात्र स्वतःच्या हातांनी माझ्या मांडीवर ठेवली. "सरले म्हना, लोकाईचं काय घेऊन बसले. आन पोरगं धाडलं ते जरा भडक हाये, पन बरं हाये."

नागपूर

स्टेशनवरून घरी न जाता सरांच्या बंगल्यावर गेलो. ते बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसले होते. काही विचारलं नाही. त्यांची सवयच ती, वाईट ऐकायची तयारी ठेवून बसायचं. मी माझे आकडे टेबलावर ठेवले आणि आधी घागरींची गोष्ट सांगितली, सगळी, थेंब मानेवर पडला तिथपर्यंत. मला वाटलं होतं ते रागावतील. ते इतके हसले की चष्मा काढावा लागला.

"अरे, त्या बाईनं माझं मोठं काम केलं," ते म्हणाले. "यंत्र म्हातारं झालंय म्हणतात ना? तुझ्या यंत्रावर पाणी ठेवलं, ते खाली गेलं. काढलं, त्याच घटकेला वर आलं. म्हणजे हे यंत्र तरी शुद्धीवर आहे. मग जे पाणी काढल्यावरही उरलं, ते कशाचं?"

त्यांनी खणातून आपला कागद काढला. त्यांच्या आकड्यांना जोडणारी रेघ, माझ्या आकड्यांना जोडणारी रेघ. घागरींचे तास त्यांनी पेन्सिलीनं खोडले आणि दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या उजेडाला धरले. दोन्ही रेघा सपाट चालत आल्या. मग तारबाबूंची लाईन पागल झाली त्या सकाळी सरांची खाली वाकली, माझी खोडलेल्या तासांतून बाहेर आली तीही तेवढीच खाली, आणि दोन्ही दिवसांमागून दिवस सारख्याच चालीनं वर चढल्या. मधे एवढा मुलूख, दोन वेगळी यंत्रं, एक दगडी गच्चीखाली आणि एक बांबूच्या मचाणाखाली.

सर ते कागद धरून उभे राहिले. मग त्यांनी ते काचेला टेकवले आणि दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं.

"म्हणजे मला भास होत नव्हता," ते म्हणाले.

मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं, अगदी हळू, मला उद्देशून नव्हे. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंडावर उपरणं घेतलं. मी पाणी आणतो म्हणून आत गेलो आणि बराच वेळ बाहेर आलो नाही.